मणक्याशेजारची गाठ: ‘एक्स्ट्रामेड्युलरी हिमॅटोपॉएसिस’चं एक प्रकरण

रुग्ण 29 वर्षांचा. मूळ गाव उमरेड तालुक्यात, नोकरी नागपुरात इलेक्ट्रिकच्या दुकानात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय क्रम तसाच ठेवला आहे.

दोन महिन्यांपासून पाय जड वाटत होते. पहिल्यांदा लक्षात आलं ते आईच्या. मुलगा अंगणातून घरात यायचा आणि एक चप्पल मागे पडलेली असायची. पायातून निसटली हे त्याला कळतच नव्हतं. मग दुकानाच्या पोटमाळ्यावरून उतरताना पाय अडखळू लागले, आणि पुढच्या काही आठवड्यांत लघवीची घाई सुरू झाली. ओळखीच्या डॉक्टरांनी धंतोलीत एमआरआय करून घ्यायला सांगितलं.

आमच्याकडे आला तेव्हा वडिलांच्या पिशवीत तीन कागद होते. ते तीन कागद म्हणजेच हे प्रकरण, म्हणून एकेक नीट सांगते.

एमआरआयच्या रिपोर्टचा शेवट असा होता: छातीच्या भागातल्या डी4 ते डी9 मणक्यांच्या दोन्ही बाजूंना गाठी, त्यांचा काही भाग कण्याच्या नळीत शिरलेला, डी5 ते डी7 या पातळीवर मज्जारज्जूवर दाब, ‘एक्स्ट्रामेड्युलरी हिमॅटोपॉएसिस की लिम्फोमा? रुग्णाच्या बाकीच्या माहितीशी पडताळून पाहावे.’ लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. रेडिओलॉजिस्टने आपलं काम चोख केलं होतं, हे आधीच सांगितलं पाहिजे.

दुसरा कागद सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा. हिमोग्लोबिन 6.8, पांढऱ्या पेशी 22,000. पांढऱ्या पेशींच्या आकड्याला पेनने गोल केलेला आणि बाजूला एकच शब्द: ‘ल्युकेमिया?’ म्हणजे रक्ताचा कॅन्सर.

तिसरी चिठ्ठी पुढे पाठवण्याची. तिच्यावर लिहिलं होतं, ‘डी5–डी7 एक्स्ट्रामेड्युलरी ट्यूमर, बायोप्सीसाठी’, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्यासाठी.

म्हणजे एका रिपोर्टमधली शंका दुसऱ्या कागदावर येईपर्यंत निदान होऊन बसली होती, आणि मधल्या मध्ये ‘हिमॅटोपॉएसिस’ हा शब्द गळून पडला होता. वडील समोर बसले आणि म्हणाले, “मॅडम, सगळे गाठ गाठ म्हणून राहिले. खरं सांगा जी, कॅन्सर हाय का?”

शब्द काय सांगतो

हिमॅटोपॉएसिस म्हणजे रक्तनिर्मिती. ग्रीक ‘हैमा’ म्हणजे रक्त आणि ‘पॉइएसिस’ म्हणजे घडवणं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या सगळ्यांच्या जन्माला मिळून हा शब्द वापरतात. फक्त लाल पेशींबद्दल बोलायचं असेल तर एरिथ्रोपॉएसिस म्हणतात. काही पुस्तकांत हिमोपॉएसिस असं छोटं रूप दिसतं, अर्थ तोच. हे आजाराचं नाव नाही. तुमच्या-माझ्या शरीरात या क्षणी ते चालूच आहे. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून प्रौढ माणसाला रोज सुमारे 20,000 कोटी नव्या लाल पेशी घडवाव्या लागतात.

हे काम हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत होतं, ही गोष्ट 1868 मध्ये एर्न्स्ट नॉयमान यांनी दाखवून दिली. त्याआधी हाडातला मगज म्हणजे चरबीच, असाच सर्वसाधारण समज होता. मोठ्या माणसात रक्त घडवणारा लाल मगज मुख्यतः मणके, कमरेची हाडं, बरगड्या, छातीचं मधलं हाड, कवटी आणि मांडी-दंडाच्या हाडांच्या वरच्या टोकांत उरतो. बाकी ठिकाणी चरबी भरते.

पण जन्माआधी चित्र वेगळं असतं. गर्भात रक्त पहिल्यांदा बनतं ते तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, अंड्यातल्या बलकासारख्या एका पिशवीत. तिला योक सॅक म्हणतात. मग यकृत ते काम हाती घेतं आणि गर्भारपणाचा मोठा काळ तेच करतं, तिल्लीही थोडा हातभार लावते. अस्थिमज्जा मुख्य जागा होते ती शेवटच्या महिन्यांत. त्यामुळे पोटातल्या बाळाच्या यकृतात रक्त बनताना दिसलं तर कुणी दचकत नाही. तेच तिशीच्या माणसात दिसलं की विचारावं लागतं: मगजाला घराबाहेर का पडावं लागलं?

‘एक्स्ट्रामेड्युलरी’ एवढंच सांगतो की जागा बाहेरची आहे. आणि घोटाळा इथेच झाला.

लॅटिनमध्ये ‘मेड्युला’ म्हणजे आतला गाभा. हाडाच्या गाभ्याला मेड्युला ऑसियम म्हणतात, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला मेड्युला स्पायनॅलिस. रक्ताचा डॉक्टर ‘एक्स्ट्रामेड्युलरी’ म्हणतो तेव्हा त्याला अस्थिमज्जेच्या बाहेर म्हणायचं असतं. मेंदू-मणक्याचा सर्जन तोच शब्द वापरतो तेव्हा त्याला मज्जारज्जूच्या बाहेर म्हणायचं असतं, आणि त्याच्या रोजच्या कामात त्या शब्दापुढे बहुतेक वेळा ‘ट्यूमर’ येतो. मराठीतही हेच होऊन बसलं आहे. अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू या दोन्हींत ‘मज्जा’ आहेच. आमच्या रुग्णाची गाठ दोन्ही अर्थांनी एक्स्ट्रामेड्युलरी होती. ती मज्जारज्जूच्या बाहेर होती आणि हाडातल्या मगजाच्याही बाहेर होती. मणक्याच्या एमआरआयवर हा शब्द वाचून चिठ्ठी लिहिणाऱ्याने सवयीचा अर्थ घेतला. असा घोटाळा होऊ शकतो, म्हणूनच या शब्दापुढचं नाम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘एक्स्ट्रामेड्युलरी हिमॅटोपॉएसिस’, ‘एक्स्ट्रामेड्युलरी प्लाझ्मासायटोमा’ आणि ल्युकेमियातला ‘एक्स्ट्रामेड्युलरी रिलॅप्स’: तिघांत पहिला शब्द तोच, अर्थही मगजाबाहेर हाच. पण पहिल्यात साधं रक्त घडतं आहे, बाकी दोन कॅन्सर आहेत.

स्लाइडवर

मी रक्ताचा ताजा नमुना घेऊन स्लाइड केली. यंत्राने दिलेल्या आकड्यापेक्षा स्लाइडवर माझा विश्वास जास्त, आणि या प्रकरणात तो कामी आला.

लाल पेशी लहान आणि फिकट होत्या, पुष्कळशा नेमबाजीच्या चकतीसारख्या, म्हणजे मध्ये ठिपका आणि भोवती फिकट कडं. काहींच्या अंगावर बारीक निळसर ठिपके. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, 66. पण नजर खेचून घेत होत्या त्या केंद्रक असलेल्या लाल पेशी. लाल पेशी मगजातून बाहेर पडण्याआधी आपलं केंद्रक टाकून देते. मोठ्या माणसाच्या रक्तात केंद्रकासह लाल पेशी दिसल्या, तर मगजावर प्रचंड ताण आहे किंवा मगजाची शिस्त बिघडली आहे. इथे 100 पांढऱ्या पेशी मोजताना मधे 100 अशा पेशी मोजल्या.

आता तो 22,000चा आकडा घ्या. साध्या यंत्राला केंद्रक दिसलं की ती पेशी पांढऱ्यांत धरली जाते. म्हणून दुरुस्ती करावी लागते: यंत्राचा आकडा गुणिले 100, भागिले 100 अधिक केंद्रकवाल्या लाल पेशी. इथे 22,000 गुणिले 100 भागिले 200, म्हणजे 11,000. पांढऱ्या पेशी होत्या जवळपास जिथे असायला हव्यात तिथेच. त्यांत अपरिपक्व ब्लास्ट पेशी एकही नव्हती. गोल केलेल्या आकड्यावरचं ते प्रश्नचिन्ह तिथेच मिटलं.

मग रुग्णाला नीट तपासलं. डोळे किंचित पिवळे. गालाची हाडं आणि कपाळ उठून दिसणारं. तिल्ली बरगडीखाली चार बोटं. गुडघ्याचे झटके जोरात, तळव्याला घासल्यावर अंगठा वर उचलला जायचा, आणि छातीच्या मध्याखाली स्पर्श बोथट. हे मज्जारज्जूवरच्या दाबाचं चित्र. त्याबद्दल वाद नव्हता, घाईही तिथेच होती.

वडिलांना लहानपणापासूनचं विचारलं. “सातवीत शाळेत सिकलसेलचा कॅम्प आला होता. निगेटिव्ह निघाला. तेव्हापासून रक्त वाढायच्या गोळ्या देऊन राहिलो.”

हे उत्तर विदर्भात काम करणाऱ्या प्रत्येकाने थांबून ऐकावं असं आहे. आपल्याकडे सिकलसेल इतका आहे की ॲनिमिया आणि पिवळे डोळे दिसले की पहिली चाचणी त्याचीच होते, आणि ते बरोबरच आहे. पण गावच्या शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. नळीतलं द्रावण गढूळ झालं तर हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन, आहे, स्वच्छ राहिलं तर नाही. थॅलॅसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराबद्दल ती काहीही सांगत नाही. ‘सिकलसेल नाही’ याचा घराने आणि बहुधा पुढच्या डॉक्टरांनीही ‘रक्ताचा आनुवंशिक आजार नाही’ असा अर्थ लावला, आणि मुलगा पंधराएक वर्षं लोहाच्या गोळ्या खात राहिला.

एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी, केली. हिमोग्लोबिन एफ खूप वाढलेलं, ए2 वाढलेलं, एस अजिबात नाही. आईवडिलांची तपासणी केली, दोघेही बीटा थॅलॅसेमियाचे वाहक. आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. निदान ठरलं: थॅलॅसेमिया इंटरमीडिया, म्हणजे मेजर इतका तीव्र नाही की लहानपणापासून रक्त चढवावंच लागेल, आणि मायनर इतका सौम्यही नाही की काहीच जाणवू नये.

मगज बाहेर का पडला

बीटा थॅलॅसेमियात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळ्या कमी पडतात. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीत साचतात, आणि तयार होत असलेली लाल पेशी मगजातच मरते. कारखाना रात्रंदिवस चालतो, पण माल दाराबाहेर पडत नाही. वैद्यकात याला परिणामशून्य रक्तनिर्मिती म्हणावं अशी संज्ञा आहे, इनइफेक्टिव्ह एरिथ्रोपॉएसिस. इकडे मूत्रपिंडाला ऑक्सिजन कमी जाणवतो, ते एरिथ्रोपॉएटिन हे संप्रेरक सोडत राहतं आणि मगजाला सांगत राहतं, आणखी कर, आणखी कर. मेजरच्या मुलांना नियमित रक्त मिळतं, त्यामुळे हा हुकूम थोडा शांत होतो. इंटरमीडियाच्या माणसाला सहसा कुणी नियमित रक्त देत नाही, तो 7 हिमोग्लोबिनवर चालतो-फिरतो, लग्नकार्यात नाचतोही, आणि आत तीस वर्षं मगज पसरत राहतो. म्हणून मणक्याशेजारच्या या गाठी मेजरपेक्षा इंटरमीडियात जास्त दिसतात, आणि बहुतेक तिशीच्या आसपास डोकं वर काढतात.

गालाची हाडं उठतात ती याच दाबाने. बरगड्या रुंद होतात. हाडाचं वरचं कवच पातळ होतं आणि मगज बरगडी-मणक्याच्या सांध्याजवळून बाहेर डोकावतो, असं एक स्पष्टीकरण आहे. दुसरं असं की गर्भावस्थेत रक्त घडवण्याची क्षमता असलेल्या पेशी तिथे निद्रिस्त असतात आणि हुकूम आला की जाग्या होतात. छातीच्या पोकळीत जागा असते, तिथे गाठ वाढली तरी वर्षानुवर्षं कळत नाही. कण्याच्या नळीत जागा नसते. तिथे थोडासा मगजही मज्जारज्जूला चेपतो.

या माहितीनंतर एमआरआयच्या फिल्म पुन्हा रेडिओलॉजिस्टसोबत बसून पाहिल्या. गाठी दोन्ही बाजूंना, कडा गुळगुळीत, गोलसर फुगवटे असलेल्या. मणक्यांचं हाड कुठेही खाल्लेलं नव्हतं. सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे गाठींची छटा आणि मणक्यांच्या आतल्या मगजाची छटा जवळपास सारखीच होती. बरगड्या रुंद होत्या, त्या आधीच्या वाचनातही नोंदल्या होत्या. लिम्फोमा पूर्णपणे नाकारता येत नव्हता, पण शक्यता खूप मागे गेली. ताप नव्हता, वजन घटलं नव्हतं, काखेत-मानेत गाठ नव्हती.

सुई घालायची की नाही

चर्चा इथे रंगली आणि रंगायलाच हवी होती. सर्जनचं म्हणणं सरळ होतं: मज्जारज्जू चेपतो आहे, पेशी पाहिल्याशिवाय उपचार कसे करायचे? कॅन्सर सुटला तर?

माझं आणि हिमॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाचं, मत होतं की इथे पेशी आधीच पाहिल्या आहेत, फक्त रक्तात. या गाठी रक्तवाहिन्यांनी भरलेल्या असतात, सुई घातल्यावर रक्तस्राव होऊ शकतो, आणि कण्याच्या नळीत रक्त साचलं तर पाय जातात. दुसरा मुद्दा स्टेरॉइडचा. मज्जारज्जूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन द्यायचं होतं. लिम्फोमा असता तर स्टेरॉइडने तोही विरघळला असता, आणि मग बायोप्सीत काहीच सापडलं नसतं. म्हणून पहिला डोस देण्याआधी निदानाबद्दल सगळ्यांचं एकमत होणं गरजेचं होतं. ते झालं. ठरलं असं: आधी रक्त, स्टेरॉइड आणि कमी मात्रेचं रेडिएशन. काही दिवसांत पायात सुधारणा दिसली नाही, किंवा गाठ वाढली, तर बायोप्सी आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया. सर्जन रोज तपासून जायचे. पाय अचानक लुळे पडले असते तर रात्रीही ऑपरेशनची तयारी होती.

हा निर्णय सगळीकडे लागू पडत नाही. साठीच्या माणसाची तिल्ली बेंबीपर्यंत आहे, स्लाइडवर अश्रूच्या थेंबासारख्या लाल पेशी आहेत आणि रिपोर्टवर हेच दोन शब्द आहेत, तर तिथे मायलोफायब्रोसिसचा, म्हणजे मगजात तंतू भरण्याच्या आजाराचा, शोध घ्यावा लागतो. अस्थिमज्जेची बायोप्सी आणि जॅक2 या जनुकाची तपासणी टाळून चालत नाही. शब्द तोच, वर्णन तेच, पण त्यामागचं कारण दुसरं. आणि ज्याच्या रक्तात मगज ताणला जाण्याचं काहीच कारण दिसत नाही, त्याच्या मणक्याशेजारच्या गाठीला हे नाव देऊन सुई टाळणं धोक्याचं ठरेल.

उपचार

रक्त चढवणं हे इथे फक्त हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी नव्हतं. हिमोग्लोबिन 10च्या आसपास नेलं की मूत्रपिंडाचा हुकूम मंदावतो आणि बाहेर पडलेला मगज आक्रसू लागतो. पहिली पिशवी लावण्याआधी त्याच्या लाल पेशींचा विस्तृत रक्तगट करून ठेवला. प्रौढपणी पहिल्यांदा रक्त मिळणाऱ्या थॅलॅसेमियाच्या रुग्णांत दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं बनण्याचा धोका असतो, आणि एकदा परकं रक्त मिसळलं की मूळ गट शोधणं कठीण होतं. पिशव्या हळूहळू, पांढऱ्या पेशी गाळून दिल्या. मे महिना होता, कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं कमी, आणि जुळणारी पिशवी मिळवायला ब्लड बँकेतल्या लोकांनी मनापासून धावपळ केली. थॅलॅसेमियाच्या रुग्णाला रक्तपेढीत शुल्क लागत नाही हे वडिलांना ठाऊक नव्हतं, त्यांनी पैशाची जुळवाजुळव सुरूही केली होती.

रेडिएशन एकूण 20 ग्रे, दहा हप्त्यांत. रक्त घडवणाऱ्या ऊती किरणांना फार संवेदनशील असतात, त्यामुळे एवढ्यात त्या आक्रसतात. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे पेशींचे आकडे घसरतात, म्हणून मधे मधे सीबीसी. सोबत हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड.

लोहाच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. शरीरात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारं फेरिटिन 1,400 निघालं होतं, आणि तोपर्यंत त्याला एकदाही रक्त चढवलेलं नव्हतं. थॅलॅसेमिया इंटरमीडियात हेप्सिडिन हे लोहाला आवर घालणारं संप्रेरक कमी राहतं आणि आतडं लोह शोषतच राहतं. त्यात गोळ्यांची भर. शिवाय या आजारात फेरिटिनचा आकडा साठलेल्या लोहाच्या मानाने कमी दिसतो, म्हणून यकृतातलं लोह मोजायला वेगळा एमआरआय करून लोह काढणारं औषध सुरू केलं.

दुसऱ्या आठवड्यात चप्पल निसटताना त्याला जाणवू लागली. ही नोंद आईनेच दिली. लघवीची घाई आधी गेली, पायांची ताकद मागून आली. तीन महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये कण्यातला भाग जवळजवळ नाहीसा झाला होता, बाहेरच्या गाठी लहान झाल्या होत्या. त्या पूर्ण जाणार नाहीत. जुन्या गाठींत मगजाच्या जागी चरबी किंवा लोह साठतं आणि त्या तशाच पडून राहतात. हे त्याला आधीच सांगून ठेवलं, नाहीतर पुढच्या कुठल्या तरी छातीच्या एक्स-रेवर ‘गाठ’ दिसेल आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

त्यासाठीच डिस्चार्ज कार्डावर मराठीत ठळक लिहून दिलं: ‘थॅलॅसेमिया इंटरमीडिया. मणक्याशेजारच्या गाठी रक्त घडवणाऱ्या मगजाच्या आहेत. कॅन्सर नाही. सुई किंवा बायोप्सी करण्याआधी रक्तविकार विभागाशी बोलावे. लोहाच्या गोळ्या देऊ नयेत.’ दिव्यांगत्व प्रमाणपत्राच्या अर्जाची माहितीही दिली. थॅलॅसेमिया 2016च्या कायद्यातल्या यादीत आहे, हे अनेक घरांना माहीत नसतं.

वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही तेव्हाच दिलं होतं, पण त्यांनी ते पुन्हा पुन्हा विचारलं. मी शेवटी असं सांगितलं की घरात माणसं मावेनाशी झाली की ओसरीत खाट पडते, तसा तुमच्या मुलाचा मगज हाडाबाहेर आला आहे, आणि आता आपण आतली गर्दी कमी करतो आहोत. ते त्यांना पटलं. त्यांचा पुढचा प्रश्न धाकट्या मुलीबद्दल होता. तिचं लग्न ठरलेलं, मुलगा नात्यातलाच.

तिचं ए2 5.1 टक्के आलं, म्हणजे ती वाहक आहे. होणाऱ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. तो स्वतःच ड्युटीवरून सुटी काढून आला, सोबत आईलाही घेऊन आला. त्याची सीबीसी आणि एचपीएलसी दोन्ही स्वच्छ निघाली. आता मामाकडच्या आणि काकाकडच्या घरांतली तरुण मुलं तपासणीला येत आहेत, आणि यादी वडिलांनी स्वतः करून आणली आहे.